ऊन दाखवलं होतं की!

मित्रांनो, तुमच्यातले निम्मे जण माझ्याकडे बघतील आणि "इथे तर काहीच नाही!" म्हणून पुढे जातील. मी रागावणार नाही. लोकांनी माझ्यातून पलीकडचं बघावं, एवढंच तर माझं काम. मी खिडकीची काच. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, आणि वयानं तुमच्या आईबाबांहून मोठी. कुणी माझी विचारपूस करत नाही, म्हणून आज मीच आपणहून तोंड उघडलं आहे.

माझा जन्म भट्टीतला. वाळू, चुना आणि सोडा एकत्र वितळवून मला लाटलं आणि सावकाश थंड होऊ दिलं. घाई केली असती तर तिथेच तडकले असते. मग एका शिंप्याच्या दुकानात मी दर्शनी भागात बसले. शिंपीदादा रोज सकाळी ओल्या वर्तमानपत्रानं मला पुसायचे. मी इतकी लख्ख असायचे की एकदा एक गृहस्थ आत डोकावायला म्हणून सरळ माझ्यावरच कपाळ आपटून घेऊन बसले. त्यांना हे एवढं टेंगूळ आलं. मला मात्र वाटलं, याहून मोठी शाबासकी ती कोणती! खरं सांगते, त्या दिवसापासून मी जरा शेफारलेच. मी कुणाची वाट अडवत नाही, ऊन जसंच्या तसं आत सोडते, असा माझा ठाम समज झाला.

पुढे शिंपीदादा थकले, दुकान बंद झालं, इमारत पाडली. मी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडले. तीन वर्षं एका भिंतीला टेकून उभी होते. अंगावर चिखलाचे थर, पाठीमागे कोळ्यांचा संसार. येणारा-जाणारा मला "ती घाण काच" म्हणायचा. ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो.

तिथून मला बाहेर काढलं ते एका रोपवाटिकेच्या सुतारानं. माझ्यासारख्या आठ जणी त्यानं निवडल्या, धुतल्या आणि लाकडी चौकटीत बसवल्या. टेकडीच्या पायथ्याला ही रोपवाटिका. तिथे विटांच्या गुडघाभर उंचीच्या पेट्या नव्यानंच बांधल्या होत्या. आत मातीनं भरलेल्या पिशव्यांच्या रांगा, आणि वर झाकण म्हणून आम्ही. काचपेट्या म्हणायचे त्यांना. खालची माती ऊबदार राहायची, ओल टिकायची, आणि बी लवकर फुगायचं. दुकानातल्या कपड्यांपेक्षा हे कितीतरी बरं, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

आमच्या पेट्या माळीकाकांच्या ताब्यात होत्या. तीस वर्षं ते या रोपवाटिकेत राबत होते. बोलणं कमी, पण रोपांशी मात्र अखंड बडबड. "का रे, मान का टाकलीस?" "तुला काय आमंत्रण हवंय, लवकर वर ये की!" असं चालायचं. आणि माणूस शब्दाचा पक्का. काका "पाणी घातलं" म्हणाले म्हणजे घातलं, कुणी माती चाचपून बघायचं नाही.

टेकडीवर एक जुनं झाड होतं. त्या जातीची झाडं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत म्हणे. एका वादळात ते उन्मळून पडलं. पडायच्या आधी त्याला शेवटच्या शेंगा धरल्या होत्या. काकांनी दोन दिवस ओणवं राहून, पालापाचोळा चिवडून त्यातल्या बिया वेचल्या. तीनशे भरल्या. साहेबांनी, म्हणजे रोपवाटिकेच्या प्रमुखांनी, त्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या आणि शंभर-शंभर करून पेरायच्या ठरवल्या. त्या बिया गेल्या की टेकडीवरून ते झाडच गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिली शंभर माझ्याच पोटाखाली पेरली. बारा दिवसांनी माती भेगाळली आणि वाकलेल्या मानेचे पांढरे कोंब वर आले. ब्याऐंशी! काकांनी बोटानं मोजले, परत मोजले, आणि मग उगाचच माझी चौकट थोपटली. महिनाभरात रोपं वीतभर झाली. पानं कशी, नुकत्याच न्हालेल्या बाळासारखी मऊ. मग एके सकाळी काका म्हणाले, "चला, आता ऊन दाखवायचं."

ऊन दाखवणं हे रोपवाटिकेतलं नेहमीचं काम. सावलीत वाढलेलं रोप एकदम उघड्यावर नेलं तर ते हबकतं. म्हणून आधी रोज थोडा थोडा वेळ त्याला ऊन द्यायचं, आणि सवय झाली की बाहेर काढायचं. आमच्यावर दिवसभर गोणपाट पसरलेलं असायचं. काका रोज सकाळी ते बाजूला करायचे. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास, असं वाढवत पंधरा दिवस. एक दिवस चुकवला नाही. याची साक्षीदार मी. माझ्या अंगावरचंच तर गोणपाट!

सोळाव्या दिवशी रोपं उघड्या वाफ्यावर गेली. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तांबूस तपकिरी झाल्या, मग आत वळल्या, मग पानं कागदासारखी कुरकुरीत. आठवड्याभरात ब्याऐंशीतलं एकही धड उरलं नाही. काका वाफ्याशी उकिडवे बसले ते दुपार टळली तरी उठले नाहीत. सगळ्यांनी हवेला दोष दिला. दोन महिन्यांनी दुसरी शंभर पेरली. डोळ्यांत तेल घालून काकांनी ती वाढवली. पंधराऐवजी वीस दिवस ऊन दाखवलं. आणि बाहेर नेल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा तेच!

आता साहेबांचं डोकं फिरलं. तसे ते वाईट नव्हते, पण त्यांच्या वरही कुणी होतंच, आणि तिथून रोज विचारणा होत होती. ते माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले, "काका, रोपांना ऊन दाखवलं होतं का?"

"दाखवलं होतं की!"

"किती दिवस?"

"वीस दिवस, साहेब. रोज."

"मग करपली कशी? ऊन दाखवलेली रोपं अशी करपत नाहीत. या वयात माणूस विसरतो, काका. राहून गेलं असेल तर गेलं म्हणा."

"विसरलो असतो तर म्हणालो असतो."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "हे बघा, मला वर उत्तर द्यायचंय. तुम्ही लेखी खुलासा द्या, ऊन दाखवायचं राहून गेलं म्हणून. चूक कबूल केलीत की मी सांभाळून घेईन. नाही दिलात, तर या पेट्या दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्या लागतील आणि तुम्हाला फाटकावर बसावं लागेल. महिनाअखेरपर्यंत विचार करा."

साहेब गेले. काका तिथेच उभे. मित्रांनो, तेव्हा मला इतका राग आला होता म्हणून सांगू! मी ओरडून सांगणार होते, अहो, खरं बोलतोय हा माणूस, मी बघितलंय! पण काचेला वाचा कुठली? ती फुटली तरच आवाज होतो.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. काकांनी डबा उघडला नाही. सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "अहो, एका ओळीनं तुमचं काय जातंय? द्या लिहून आणि मोकळे व्हा."

"अगं, पण मी दाखवलंय ऊन."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तेवढ्यावर त्यांना सगळं कळलं. "मग नका देऊ. बसा फाटकावर. मी तिथे डबा आणीन, त्यात काय! आता जेवा आधी." काका जेवले खरे, पण घास त्यांच्या तोंडात फिरत होता हे मला दिसत होतं.

त्याच सुमारास रोपवाटिकेत एक बाई आल्या. बियांवर प्रयोग करायला आल्या होत्या. त्यांच्या खोलीत एक लांबट दिवा होता. त्यातून निघायचे अतिनील किरण, जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिवा लावताना बाई जाड चष्मा घालायच्या आणि दाराला आतून कडी. झालं, सगळे त्यांना "दिवेवाल्या बाई" म्हणू लागले. त्या बिया त्या दिव्याखाली ठेवायच्या आणि मग आमच्यातल्याच एका पेटीत पेरायच्या. काकांना हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता.

"बाई, बिया पेरायच्या असतात. भाजायच्या नसतात."

"भाजत नाही हो काका. बघतेय, किती किरण सोसवतात ते. साध्या झाडाच्या बिया आहेत, तुमच्या त्या शंभरांना हात नाही लावणार."

पंधरा दिवसांनी बाईंनी त्यांना पेटी उघडून दाखवली. ज्या बियांना चारच मिनिटं दिवा मिळाला होता, त्यांच्या सालीवरची बुरशी मेली होती आणि त्या बाकीच्यांपेक्षा दोन दिवस आधी रुजल्या होत्या. ज्यांना तासभर मिळाला, त्यातल्या निम्म्या मातीतच कुजल्या. उरलेल्यांची मुळं आखूड आणि पिळवटलेली.

"बघा! म्हणत नव्हतो?" काका जिंकल्यासारखे म्हणाले. "वाईटच तो किरण."

"अहो, पण चार मिनिटंवाल्या लवकर आल्या त्याचं काय? आणि वाईट म्हणून पळाल कुठे? उन्हातसुद्धा असतो तो."

"उन्हात?" काकांचा विश्वास बसेना.

"असतो की. थोडा. थांबा, मोजूनच दाखवते."

बाईंनी फक्त तो किरण मोजणारं, हातभर वायरचं एक मीटर आणलं आणि उन्हात धरलं. त्यावर आकडा उमटला, बत्तीस. काका शेजारच्या वाफ्याला पाइपनं पाणी मारत होते. बोलण्याच्या नादात पाइप वळला आणि फवारा थेट बाईंच्या अंगावर. "अहो काका, मीटर!" असं ओरडत बाईंनी घाईनं माझी चौकट उचलली, मीटर पेटीत ठेवलं आणि मला परत बसवलं. पदर झटकत त्यांनी माझ्यातून खाली बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

आकडा होता दोन.

"गेलं," बाई म्हणाल्या. "पाणी शिरलं वाटतं."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. एक खुलासा अजून द्यायचा बाकी, त्यात हा दुसरा! त्यांनी पाइप टाकला, धावत येऊन मला उचललं, मीटर काढलं आणि सदऱ्याला खसाखसा पुसलं. "चालतंय हो बाई! बघा, बत्तीस दाखवतंय!"

"खरंच की. ठेवा, ठेवा आत, पुन्हा ओलं व्हायचं."

काकांनी आत ठेवलं. दोन. बाहेर काढलं. बत्तीस. आत, दोन. बाहेर, बत्तीस. "बाई, हे तुमचं यंत्र आत जायला घाबरतंय की काय?" काका म्हणाले. बाई हसल्या आणि हसता हसता पेटीवर वाकल्या. त्यांनी मीटर पेटीतच राहू दिलं आणि मला, नुसतं मला, हळूच बाजूला सरकवलं. बत्तीस. परत ओढलं. दोन.

मित्रांनो, तो दोनचा आकडा माझ्यामुळे होता! ऊन जसंच्या तसं आत सोडणारी मी! आणि त्या उन्हातला एक हिस्सा मी वर्षानुवर्षं अंगातच अडवून ठेवत होते, आणि मला पत्ताही नव्हता.

बाईंनी अगदी सावकाश विचारलं, "काका, ऊन दाखवलं म्हणजे तुम्ही नक्की काय काय केलंत? सगळं सांगा."

"काय करणार? रोज गोणपाट काढलं."

"आणि काच?"

"काच कशाला काढू? तिच्यातून ऊन येतंच की, लख्ख. आणि ती काढली तर पाखरं शेंडे खुडतात. तीनशेच बिया होत्या, बाई. एकसुद्धा पाखराला द्यायची नव्हती मला."

"आणि काचपेट्या यायच्या आधी?"

"आधी काच होती कुठे? नुसती चटई असायची वर. ती काढली की झालं." एवढं बोलून काकांचं तोंड उघडंच राहिलं.

इतक्या महिन्यांत सगळ्यांनी काकांना "दाखवलं का?" विचारलं होतं. "कसं दाखवलं?" हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

बाई विटांवर बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. हा किरण रोज थोडा थोडा अंगावर आला की रोप सावध होतं. पान जरा जाड करतं, सालीत एक रंग साठवतं आणि उंची कमी ठेवून खोड घट्ट करतं. माझ्याखाली वाढलेल्या रोपांना उजेड मिळाला, ऊब मिळाली, पण त्या किरणाची ओळखच नव्हती. मग एके दिवशी भर उन्हात नेल्यावर ती सोसणार कशी?

काका मान खाली घालून ऐकत होते. "म्हणजे मीच मारली की ती," ते म्हणाले. आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"काका, तुम्ही खोटं बोलला नव्हतात. ऊन दाखवलं होतंत. आणि शंभर बिया अजून डब्यात आहेत. रडताय काय? उठा, पेरू या!"

शेवटची शंभर पेरली तेव्हा महिना संपायला आला होता. बाईंनी साहेबांकडून खुलाशासाठी मुदत वाढवून घेतली. कोंब येईपर्यंत पेटीवर मीच होते, कारण मातीखालच्या बियांना उन्हाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना ओल हवी असते. ब्याण्णव उगवली. पण रोपांनी बाळसं धरल्यावर काका मला उचलू लागले. माझ्या जागी तारेची बारीक जाळी घालायचे, पाखरांसाठी. पहिल्या दिवशी कोवळ्या उन्हात पाव तास. तेवढ्यातही ते दहादा वाकून पानं बघायचे. मग अर्धा तास, मग तास, असं करत तीन आठवडे. रोपं बुटकी राहिली. नवी पानं तांबूस आणि हाताला जाड लागू लागली. "दिसायला काही खास नाहीत," काका म्हणाले, "पण अंगात जोर आहे हो."

पाच रोपं बाईंनी मुद्दाम शेजारच्या पेटीत काचेखालीच ठेवली, फरक साहेबांना दाखवण्यासाठी. यावर काका चक्क भांडले. "त्या पाचांनी काय घोडं मारलंय?" शेवटी, पानं करपू लागताच त्यांना सावलीत आणायचं असं बाईंकडून कबूल करून घेतलं तेव्हाच ते गप्प झाले.

ज्या दिवशी सगळी बाहेर गेली, त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. मला भिंतीला टेकवलं होतं, तिथून वाफा दिसायचा. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. चौथ्या दिवशी पाच रोपांच्या कडा तपकिरी झाल्या. फक्त पाच! काकांनी ती उचलून लगोलग सावलीत ठेवली. उरलेली सत्त्याऐंशी ऊन खात ताठ उभी. आठवडा गेला, दुसरा गेला, तरी उभीच. माझा जीव भांड्यात पडला. आणि सांगायला आनंद वाटतो, सावलीत नेलेल्या त्या पाचांनाही पुढे नवी पानं फुटली.

साहेब आले. वाफ्यातून एक चक्कर मारली, मीटरची गंमत स्वतःच्या हातानं चारदा करून बघितली. मग काकांनी खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला. "साहेब, माझा खुलासा. मुदत आजची होती."

साहेबांनी तो मोठ्यानं वाचला, म्हणून मलाही कळला. "मी रोज ऊन दाखवले. काच काढली नाही. दोन्ही खरे आहे. सही."

साहेबांनी कागदाची घडी सरळ केली. मग खाली वाकून त्यांनी खिशातलं पेन काढलं, कागद माझ्यावरच टेकवला आणि काकांच्या सहीखाली लिहिलं. लिहिता लिहिता पुटपुटत होते, "कसे दाखवले, हे मी विचारले नाही. माझी चूक." त्याखाली त्यांची सही. पेन बंद करून म्हणाले, "काका, मी तुमच्या शब्दावर संशय घेतला. मनात ठेवू नका."

"ठेवत नाही, साहेब," काका म्हणाले. "पण तेवढी जाळी अजून सात पेट्यांना लागेल." साहेब खो-खो हसले.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. लांबूनच विचारलं, "दिलात का हो खुलासा?"

"दिला."

"काय लिहिलंत?"

"खरं ते लिहिलं," काका म्हणाले, आणि डबा उघडून बघता बघता फस्त केला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि "केवढं हे ऊन!" म्हणून उन्हावर ढकललं.

मला वाटलं होतं, आता आपली रवानगी पुन्हा भंगारात. पण काकांनी मला धुतलं आणि खडूनं चौकटीवर लिहिलं, 'कोंब येईपर्यंत'. तेवढ्या दिवसांपुरती मी पेटीवर असते, मग भिंतीशी आराम. मला ही वाटणी मान्य आहे. तर मित्रांनो, तुम्ही एखादं बी पेरलंत, तर कोंब येईपर्यंत त्याला झाका, पण पुढे रोज थोडं उघडं ऊनही मिळू द्या. हात आवरून हळूहळू द्या, एकदम नको. आणि कुणी "मी केलं होतं" असं कळकळून सांगत असेल, तर त्याला खोटं पाडण्याआधी "कसं केलं होतंस?" एवढं तरी विचारा. आता पुरे करते. खाली पेरलेल्या नव्या बियांच्या मातीला आज सकाळीच भेगा पडल्यात, आणि काका मला उचलायला येतच असतील.